एसएमपीएसवरचे वॅट आणि बिलातले युनिट

बेळगावात खडेबाजारातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, एसएमपीएसबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, हा प्रश्न कानावर पडतोच: "साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस घातला तर लाईट बिल वाढतंय काय हो?" कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना आल्यापासून तर जास्तच. महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की अख्खं बिल आपल्या खिशातून, म्हणून लोक डब्यावरचा आकडा बघूनच दचकतात. 650 वॅट, रोज आठ तास, तीस दिवस, झाले 156 युनिट! मग घरच्यांची समजूत काढायला पोरगं 450 वॅटचा, तोही बिननावाचा डबा उचलतं. गुणाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेला 650 हा आकडा तिथला नव्हेच.

युनिट काय ते हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल भरणाऱ्याला सांगायला नको. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट.

एसएमपीएसवरचा आकडा मात्र खर्चाचा नसतो. जास्तीत जास्त किती वॅट पुरवता येतील, त्याची ती मर्यादा असते. गच्चीवर हजार लिटरची टाकी बांधली म्हणून घरात रोज हजार लिटर पाणी संपत नाही. किती वीज ओढायची ते प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पंखे ठरवतात, तेही त्या क्षणी काय काम चाललंय त्यावर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, टायपिंग-टॅली-ब्राउझरचा साधा पीसी भिंतीतून 50-60 वॅट घेतो, एलईडी मॉनिटर आणखी वीसेक. आठ तासांप्रमाणे महिन्याला साधारण 19 युनिट. त्याच मशीनला 450 चा एसएमपीएस लावा की 750 चा, हा आकडा जेमतेम एखाद्या युनिटने हलेल.

गेमिंगवाल्यांचा घोळ वेगळाच. आरटीएक्स 4060 या ग्राफिक्स कार्डासाठी ते बनवणारी एनव्हिडिया 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते, म्हणून हे कार्ड 550 वॅट खातं असा समज पक्का होतो. कार्डाची स्वतःची मर्यादा 115 वॅट आहे. 550 मध्ये प्रोसेसर आला, बाकीचे भाग आले, क्षणभर उसळणारा लोड आला आणि वर थोडी मोकळीक. असा पीसी खेळताना 250 वॅट ओढतो असं धरलं, तरी रोज तीन तासांचे महिन्याला साडेबावीस युनिट होतात. त्या घरात गिझर किती वेळ चालू असतो, ते आधी बघा म्हणतो मी.

मग एसएमपीएसचा बिलाशी संबंधच नाही का? आहे, पण तो वॅटचा नाही, कार्यक्षमतेचा. आतल्या भागांना 60 वॅट हवे असतील आणि एसएमपीएस 85 टक्के कार्यक्षम असेल, तर भिंतीतून 70-71 वॅट जातात. वरचे दहा-अकरा वॅट उष्णता होऊन पंख्यातून बाहेर. '80 प्लस' हा शिक्का याचसाठी असतो. अगदी कमी लोडवर कार्यक्षमता घसरते, त्यामुळे ऑफिसच्या पीसीला हजार वॅटचा एसएमपीएस हा शहाणपणा नव्हे. पण तिथेही नुकसान काही वॅटांचं, शेकड्यांचं नाही.

माझा खरा राग कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणाऱ्या एसएमपीएसवर आहे. वर मोठ्या अक्षरात 450, आणि बाजूच्या स्टिकरवर 12 व्होल्टच्या रांगेत 16 अँपिअर. 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जगतात ते याच रांगेवर. उरलेला आकडा भिंतीवर लावायला ठेवा. '80 प्लस ब्राँझ' शिक्क्याचा, नावाजलेल्या कंपनीचा 550 घ्या आणि विषय संपवा.

यूपीएसवरचे व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजेही वॅट नव्हेत. 600 व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा 360 वॅटच पेलतो. पावसाळ्यात लाईट जा-ये करते, खानापूरकडे तर बोलायलाच नको. तेव्हा व्हीए सोडून वॅटचा आकडा वाचून घ्या. शटडाउन केलेला पीसी एक-दोन वॅट घेतो, त्याची चिंता करू नका.

एवढं सांगूनही पटत नसेल तर घरचा डिजिटल मीटर बघा. त्यावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं, समजा 3200. फ्रिजसकट सगळं बंद करा, फक्त पीसी आणि मॉनिटर चालू ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. मिनिटाला चार वेळा लुकलुकला तर तासाला 240, म्हणजे 75 वॅट. एसएमपीएसवर कितीही लिहिलेलं असो.