विरजणाचं विरजण: नवीन भाषा बाहेर पडायच्या आधी काय चालतं

यंदा चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होतो, मी स्टुलावर चढलेलो आणि खालून भाचा एकेक फळ हातात देतोय, तर मध्येच थांबून विचारतो, "मामा, सी चा कंपाइलर सी मध्येच लिहिलेला असतो म्हणतात, मग तो पहिल्यांदा कंपाइल कुणी केला?" फर्मागुडीला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. (सी ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा, आणि कंपाइलर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजेल असा करून देणारा.) मी म्हटलं आधी तो सुपारीचा घोस दे, मग सांगतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

आपल्याकडे बातमी कशी येते बघा, अमुक प्रोग्रॅमिंग भाषेचं नवीन व्हर्जन आलं, त्यात ही ही फीचर, आणि खाली कुणीतरी लिहितो की जुनं शिकलेलं आता वाया. लोकांना वाटतं कोणीतरी दोन-चार हुशार माणसं बसून नवीन फीचर लिहितात आणि तारीख ठरली की बटण दाबतात. खरं म्हणजे शेवटचे काही महिने नवीन काही लिहायचंच नसतं. पायथनचं उदाहरण घ्या. 3.9 पासून दर वर्षी ऑक्टोबरात नवीन व्हर्जन, आणि त्याच्या पाचेक महिने आधी पहिली बीटा, म्हणजे चाचणीचं व्हर्जन, आली की नवीन फीचरना दार बंद, मग फक्त दुरुस्त्या. 2024 मध्ये 3.13 हे 1 ऑक्टोबरला यायचं होतं, पण अगदी तोंडावर कळलं की मेमरीतला कचरा गोळा करायची नवीन पद्धत काही प्रोग्रॅमना हळू करतेय, मग ती पद्धतच काढून टाकली, एक जादा चाचणी व्हर्जन सोडलं आणि खरं व्हर्जन 7 ऑक्टोबरला आलं. रस्ट नावाच्या भाषेवाले दर 6 आठवड्यांनी नवीन व्हर्जन सोडतात, आणि त्यांच्याकडे क्रेटर नावाचं एक अवजार आहे जे जगभरच्या लोकांनी लिहिलेली हजारो रस्ट पॅकेजं नव्या कंपाइलरने बांधून बघतं की आपल्यामुळे कुणाचं काय मोडलं.

हे सगळं महत्त्वाचंच आहे, पण माझा जीव अडकलाय भाच्याच्या प्रश्नात.

कंपाइलर म्हणजे आपण लिहिलेला कोड प्रोसेसरला समजणाऱ्या आकड्यांत बदलणारा प्रोग्रॅम, एवढं शाळेत झालेलं असेल. हा कंपाइलरसुद्धा कुठल्यातरी भाषेत लिहावाच लागतो. मग सुरुवात दुसऱ्याच्या भाषेत होते. रस्टचा पहिला कंपाइलर ओकॅमल नावाच्या दुसऱ्या भाषेत होता, 2011 मध्ये रस्टमध्ये लिहिलेला कंपाइलर स्वतःला बांधू शकला. गो नावाच्या भाषेचा कंपाइलर आधी सी मध्ये होता, 2015 च्या 1.5 पासून तो गो मध्येच आहे. लिस्प या जुन्या भाषेवाल्यांनी तर हा खेळ 1962 मध्येच केलेला, कंपाइलर लिस्पमध्ये लिहिला, तो आधी इंटरप्रिटरवर (कोड आधी न बदलता थेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवला आणि त्याला स्वतःचाच कोड खायला दिला.

म्हणजे दह्यासारखंच. आजचं दही कालच्या विरजणाने, कालचं परवाच्या. पहिलं विरजण कुणाचं हे घरात कुणालाच माहीत नसतं, शेजारच्या काकूंकडून आणलेलं असतं.

आता खरी मजा. जीसीसी नावाचा कंपाइलर आहे, 1987 पासूनचा, आधी सी मध्ये लिहिलेला, 2013 पासून सी++ मध्ये. त्याचं नवीन व्हर्जन बांधताना ते तीनदा बांधतात. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा! का ते सांगतो, इथे जरा हळू वाचा.

तुमच्या मशीनवर आधीच असलेला जुना कंपाइलर घ्या. त्याने नवीन कंपाइलरचा कोड बांधला की तयार झाला नंबर 1. नंबर 1 ला नवीन सगळ्या युक्त्या येतात, पण त्याचं स्वतःचं अंग जुन्याने घडवलंय. म्हणजे नवीन पद्धतीचा शर्ट शिवता येणारा शिंपी, पण अंगातला शर्ट मात्र जुन्या शिंप्याचा. आता नंबर 1 ला तोच कोड परत द्यायचा, तयार झाला नंबर 2. याला नवीन युक्त्या येतात आणि याचं अंगही नव्या पद्धतीने घडलेलं. 1 आणि 2 या फाइली वेगळ्या दिसणारच, कारण बनवणारे वेगळे. पण दोघांचं डोकं एकच, कारण कोड एकच. मग नंबर 2 ला तोच कोड तिसऱ्यांदा द्यायचा, तयार झाला नंबर 3.

2 आणि 3 अगदी सारखे निघाले पाहिजेत, बाइट ना बाइट. का? कारण 2 ला बनवलं 1 ने आणि 3 ला बनवलं 2 ने, आणि 1 आणि 2 चं डोकं एकच असेल तर एकाच कोडमधून दोघांच्या हातून एकच वस्तू निघाली पाहिजे, मग त्यांचं अंग कसंही असो. नाही निघाली तर कुठेतरी घोळ आहे, एकतर जुन्याने 1 ला बांधताना काहीतरी चुकवलं, नाहीतर नवीन कोडमध्येच असा दोष आहे की 2 चं अंग बिघडलं. काय सुंदर आहे हे! तपासायला बाहेरचं कुणी नको, कंपाइलर स्वतःच स्वतःचा परीक्षेचा पेपर, आणि मोठा पेपर, लाखो ओळींचा. तुलनेत डीबगची, म्हणजे चुका शोधायला जोडलेली, माहिती मात्र बाजूला ठेवतात, आणि कोडात कुठे बांधणीची तारीख-वेळ छापली गेली तर काहीच चुकलेलं नसताना फाइली जुळत नाहीत, अशा बारीक कटकटी असतात.

मी एकदा पावसाळ्यात जुन्या लॅपटॉपवर हे करायला बसलेलो. लाईट दोनदा गेली, बॅटरी मेलेली, म्हणजे परत पहिल्यापासून. पहाटे एकदाचा तुलनेपर्यंत आलो तर "बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर", म्हणजे 2 आणि 3 जुळले नाहीत. मला वाटलं मी जीसीसीमध्ये बग शोधला, प्रसिद्ध होणार. परत चालवलं तर वेगळीच फाइल जुळेना, तिसऱ्यांदा आणखी तिसरीच. कोडात चूक असती तर दर वेळी एकाच जागी अडायला हवं होतं ना. शेवटी मेमरी तपासली, रॅमची एक पट्टी खराब निघाली. रोजच्या कामात कधी कळलंच नव्हतं, व्हिडिओ चालत होते, सगळं चालत होतं.

आता दह्याची उपमा थोडी ताणतो. 2 आणि 3 जुळले म्हणजे कंपाइलर बरोबर आहे असं नाही, फक्त तो स्थिर झालाय. कंपाइलरच्या कोडमध्ये एक जागा असते जिथे लिहिलेलं असतं की उलटा स्लॅश आणि एन दिसलं तर नव्या ओळीचं चिन्ह दे. नव्या ओळीचं चिन्ह म्हणजे आकडा 10. पण त्या कोडमध्ये 10 कुठेच लिहिलेलं नसतं! तिथे परत उलटा स्लॅश आणि एनच लिहिलेलं असतं, कारण जो कंपाइलर हे बांधतोय त्याला ते माहीत आहे. त्याला कसं माहीत, तर त्याच्या आधीच्याला माहीत होतं. कधीतरी कुणीतरी एकदाच 10 लिहिलं, मग पुसलं, आणि तो आकडा पिढ्यान्‌पिढ्या फक्त विरजणातून येतोय, कृतीच्या वहीत तो नाहीच.

युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन, त्याने 1983 चा ट्युरिंग पुरस्कार (कॉम्प्युटरवाल्यांचा सर्वांत मोठा मान) मिळाल्यावरच्या भाषणात हेच धरून सगळ्यांची झोप उडवली. त्याने दाखवलं की याच वाटेने कंपाइलरमध्ये चोरदरवाजा ठेवता येतो, जो लॉगिनचा प्रोग्रॅम बांधताना आत शिरतो आणि नवीन कंपाइलर बांधताना त्याच्यातही शिरतो, आणि कोड वाचला तर एकदम स्वच्छ. तीनदा बांधा, 2 आणि 3 मस्त जुळतील, दोघांतही चोर असेल! यावर उपाय डेव्हिड व्हीलर नावाच्या संशोधकाने मांडला, की विरजण दुसऱ्याच घरचं घ्या, म्हणजे संपूर्ण वेगळ्या कंपाइलरने सुरुवात करा, दोन पायऱ्यांनंतर तीच फाइल आली पाहिजे. इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर चहा घेऊन या, माझंही गरगरलेलं.

चहावरून आठवलं, हे सगळं माटोळीखाली सांगत असताना भावोजींनी ग्रुपवर तो नेहमीचा मेसेज टाकला, नासा म्हणतं कॉम्प्युटरसाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत. त्याचं मूळ एवढंच, की 1985 मध्ये रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने एका मासिकात लेख लिहिला होता, विषय होता संस्कृत व्याकरणकारांची वाक्याचा अर्थ मांडायची पद्धत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. नासाने कुठलीही भाषा ठरवलेली नाही. पाणिनीचं काम थक्क करणारं आहेच, नियमांतून भाषा घडवायची त्याची रीत कंपाइलरवाल्यांना ओळखीची वाटते, पण त्यासाठी नासाचा शिक्का कशाला हवा? भावोजींनी नेवरी खाल्ली आणि विषय बदलला.

भाचा मात्र सोडेना. "पण मामा, पहिलं विरजण?" तर त्यावरही काम चालू आहे. ग्विक्स नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या लोकांनी 2023 मध्ये जाहीर केलं की त्यांची सगळी सॉफ्टवेअरची उतरंड आता 357 बाइटच्या एका प्रोग्रॅमपासून बांधता येते. तो इतका छोटा की माणूस एकेक बाइट हाताने वाचून तपासू शकतो, त्याने थोडा मोठा बांधायचा, त्याने आणखी मोठा, असं करत जीसीसीपर्यंत. हे सगळं हाकायला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आणि एक तयार प्रोग्रॅम लागतोच, तेवढी उधारी शिल्लक आहे.

भाच्याने फोन काढला, काहीतरी हिशोब केला. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला 3 बाइट, काना-मात्रासुद्धा वेगळे धरायचे, म्हणजे 357 बाइटमध्ये 119 चिन्हं. मग मला आईचा सकाळचा मेसेज दाखवला, आरतीला कोणी कधी यायचं, येताना काय काय आणायचं, केळीची पानं विसरू नका. "मामा, हा त्याहून मोठा आहे."