आतडं तपासणं आणि आतडं ‘धुणं’

शेजारच्या मावशींना डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्यायला सांगितली. त्यांच्या भावाला पन्नाशीत याच आतड्याचा कॅन्सर झाला होता. मावशींचं उत्तर तयार होतं: “अहो, दिवाळीनंतरच तर मी कोलन थेरपी करून आले! सगळं आतडं धुऊन काढलंय. आता त्यात बघायला काय उरलंय?”

मावशींना हसण्यात अर्थ नाही. दोन्ही नावांत कोलन, म्हणजे मोठं आतडं, आहे, दोन्हीकडे पोट रिकामं करावं लागतं, नळी दोन्हीकडे आहे आणि तीही एकाच दारातून. त्यात आपली पिढी एरंडेलावर वाढलेली. नाक दाबून चमचा तोंडात ओतायचा, की मुलाचं पोट साफ आणि घरच्यांचं मन निश्चिंत. ‘पोट साफ तर तब्येत साफ’ हे आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही.

फरक असा, की कोलोनोस्कोपीत आतडं साफ करतात ते आतलं नीट दिसावं म्हणून. कानातला खडा हरवला की आधी जमीन झाडून घेतो, तसं. कोलन थेरपीत झाडणं हेच काम असतं आणि पैसेही त्याचेच घेतात.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर काही जणांना छोटे कोंब उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी राहतात, पण त्यांतल्या काही प्रकारांचं हळूहळू कॅन्सरमध्ये रूपांतर होतं आणि त्याला साधारण दहा वर्षं किंवा जास्तही लागतात. तपासणीचा सगळा फायदा या संथपणात आहे. दुर्बिणीतून पॉलिप दिसला, तर त्याच वेळी तारेच्या फासात पकडून काढता येतो. 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी हे करायला सुरुवात केली, तोवर अशा पॉलिपसाठी पोट उघडावं लागे. म्हणजे ही तपासणी कॅन्सर नुसता शोधत नाही, काही वेळा तो होऊच देत नाही.

यात धोका आहेच. अमेरिकेतल्या आकडेवारीत, लक्षणं नसताना केलेल्या दर 10,000 तपासण्यांमागे साधारण तिघांच्या आतड्याला छिद्र पडतं आणि पंधराएक जणांना मोठा रक्तस्राव होतो, बहुधा पॉलिप काढल्यावर. भुलेचा धोका वेगळा. वय आणि हृदयाचे, किडनीचे आजार वाढतील तसा हा हिशेब बिघडत जातो. म्हणूनच अमेरिकेत 45 ते 75 या वयात तपासणीची सरसकट शिफारस आहे, पण 76 ते 85 मध्ये माणूस पाहून ठरवतात.

आणि फायदा? पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या 55 ते 64 वयाच्या 84,585 लोकांवरचा मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना कोलोनोस्कोपीचं बोलावणं धाडलं, बाकीच्यांना नाही. दहा वर्षांनी बोलावलेल्यांमध्ये हा कॅन्सर 0.98 टक्के लोकांना झाला, न बोलावलेल्यांमध्ये 1.20 टक्के. बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष आले फक्त 42 टक्के, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचायचा. मृत्यूंमध्ये मात्र ठोस म्हणावा असा फरक तोवर दिसला नव्हता. जाहिरातीतल्या पॅकेजांइतका हा फायदा झगमगीत नाही. पण तो खरा आहे आणि मोजलेला आहे.

आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरचा समावेश आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे घरात कुणाला हा आजार नाही, लक्षणं नाहीत, अशा प्रत्येकानं पंचेचाळिशीच्या वाढदिवसाला दुर्बीण घालून घ्यावी, असं मी म्हणणार नाही. मधला मार्ग विष्ठेच्या तपासणीचा. ‘फिट’ नावाची चाचणी डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. ना जुलाब, ना भूल. कॅन्सर असेल तर ती एका वेळी साधारण चारांपैकी तिघांत तो हेरते, म्हणून दरवर्षी करायची, आणि रक्त सापडलं तर कोलोनोस्कोपी ठरलेली. सख्ख्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर गणित वेगळं. तिथे चाळिशीत, किंवा नातेवाइकाला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा थेट दुर्बीण. मावशींचा भाऊ इथे येतो. आणि शौचातून रक्त पडत असेल, रक्त कारणाशिवाय कमी होत असेल, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून वर्ष घालवू नये. लक्षणं असताना जे करतो त्याला स्क्रीनिंग, म्हणजे लक्षणांआधीची तपासणी, म्हणत नाहीत, ते निदान.

आता दुसरी बाजू. कोलन थेरपीत यंत्रानं गुदद्वारातून पाणी सोडतात आणि काढतात. एका बैठकीत कधी कधी 60 लिटरपर्यंत. दावा असा, की आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटलेला असतो आणि त्यातून विष रक्तात झिरपतं. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन या ‘विषा’पायी रुग्णांची मोठी आतडी कापून काढत. अमेरिकेत कॉर्नफ्लेक्सवाल्या घराण्यातले डॉ. जॉन हार्वे केलॉग आपल्या आरोग्यधामात एनिमाची यंत्रं चालवत.

पण ‘करून आल्यावर हलकं वाटतं’ हे तर खरं ना? खरंच आहे. 1922 मध्ये डोनाल्डसन या अमेरिकी संशोधकानं काही धडधाकट लोकांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून ठेवला. बद्धकोष्ठात होते तीच डोकेदुखी, तीच मरगळ सुरू झाली. कापूस काढला आणि थोड्याच वेळात बरं वाटलं. कापसात विष कुठलं? त्रास गुदाशय ताणलं गेल्याचा होता. रक्तात विष असतं, तर ते इतक्या झटकन उतरलंही नसतं. आणि भिंतीला मळ चिकटून राहील तरी कसा? आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी स्वतःच नवं होतं. ज्यांनी कोलोनोस्कोपी केलीय, त्यांनी पडद्यावर पाहिलंच असेल: ओली, गुलाबी, चकचकीत भिंत.

जोखीम मात्र दोन्हीकडे आहे, आणि थेरपीच्या पारड्यात समोर ठेवायला काही नाही. मोठ्या आतड्याचं कामच मुळी पाणी आणि क्षार शोषून घेणं. लहान आतड्याकडून रोज दीडएक लिटर द्रव येतो, त्यातला बहुतेक ते परत घेतं. अशा जागी लिटरच्या लिटर साधं पाणी ओतलं तर त्यातलं काही रक्तात जाणार आणि सोडियम पातळ होणार. तपासणीआधी पाण्यात कालवून देतात ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर याच्या नेमकी उलट. ती आतड्यात शोषली जात नाही, क्षारांचं प्रमाणही आधीच जुळवलेलं असतं, म्हणून तीन-चार लिटर पिऊनही बहुतेकांचा तोल ढळत नाही. याच कामाच्या सोडियम फॉस्फेटच्या औषधांनी किडनी बिघडते हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 मध्ये त्यांवर कडक इशारा छापायला लावला. कुणीतरी मोजत होतं, म्हणून ते कळलं.

थेरपीच्या बाबतीत असं सहसा अनर्थ झाल्यावरच कळतं. 1978 ते 1980 दरम्यान कोलोरॅडोतल्या एका क्लिनिकमध्ये यंत्र नीट निर्जंतुक होत नव्हतं. 36 जणांना अमीबाचा संसर्ग झाला, दहा जणांचं आतडं काढावं लागलं, काही जण दगावले.

शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करायची योगक्रिया) आणि वैद्यांची बस्ती (आयुर्वेदातला एनिमा) या रांगेत बसत नाहीत, त्यांची पद्धत आणि मात्रा निराळी. फक्त रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यानं व्हिडिओ बघून लिटरभर मिठाचं पाणी पिऊ नये, इतकंच.

मावशी शेवटी तयार झाल्या, आणि खरी परीक्षा आदल्या दिवशी लागली. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, हे समीकरण इथे चालत नाही, दाण्याचे कण आतड्यात रेंगाळतात. पेरू, तीळ, टोमॅटो आधीपासूनच बंद. कोकम सरबतही नाही, लाल रंग दुर्बिणीत रक्तासारखा दिसतो. नारळपाणी, दूध न घातलेला चहा, गाळलेला सफरचंदाचा रस चालतो. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, मनानं काही करायचं नाही. पावडरचं पाणी निम्मं रात्री, निम्मं पहाटे. “एरंडेल बरं होतं,” मावशी म्हणाल्या.

रिपोर्टमध्ये होतं: तयारी चांगली, आतड्याच्या टोकापर्यंत पाहिलं, सहा मिलिमीटरचा एक पॉलिप, काढून तपासणीला पाठवला. मावशींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“मग दिवाळीनंतर एवढं धुतलं, तेव्हा हा का नाही निघाला?”

“मावशी, चामखीळ कधी आंघोळीनं गेलीय का?”