नखं तपासली, पुढचं राहिलं

शनिवारी सकाळच्या शाळेत परिपाठ झाला की हात पुढे करून उभं राहायचं. गुरुजी नखं बघत, मग केस, मग खिशातला रुमाल. आमचं आरोग्यशिक्षण एवढंच. वर्गात मानवी शरीराचा तक्ता होता. डोकं, छाती, पोट, सगळ्यांना बाण; पोटाच्या खालचा बाण मात्र थेट मांडीवर.

लैंगिक शिक्षणाची ही गाळलेली जागा मराठीत जुनीच. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली नोकरी सोडावी लागली. १९२७च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. पण तो सगळा वाद मोठ्या माणसांचा.

शाळेत हा विषय आला तो दर वेळी कुठल्या तरी भीतीचं बोट धरून. पहिली भीती लोकसंख्येची. १९८०मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प सुरू झाला. लहान कुटुंब सुखी कुटुंब हे आम्ही घोकलं. मूल होतं कसं, हे वर्गात कोणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसरी भीती एड्सची. २००५मध्ये केंद्राने किशोरवयीनांसाठी शिक्षण कार्यक्रम आणला. त्यातल्या चित्रांवरून २००७मध्ये गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो थांबवला. मध्य प्रदेश, कर्नाटकानेही तेच केलं. २००९मध्ये वेंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच कौल दिला. खरं तर कार्यक्रम माध्यमिक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी होता. पण ‘लैंगिक’ या एका शब्दाचा धसका पहिली-दुसरीच्या गुरुजींपर्यंत उतरला, असं माझं मत आहे.

गंमत अशी, की त्याच २००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. जोडीत बसणं, भांडण बोलून मिटवणं, मनातलं सांगणं. त्यावर कोणी मोर्चा काढला नाही. विषयाचा अर्धा भाग समोरच्या दाराने आत आला, अर्धा अंगणातच राहिला. इंग्लंडने सप्टेंबर २०२०पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा लैंगिक शिक्षण त्यातून वेगळं ठेवलं होतं. नावाची ही फोड आपल्याकडे कोणाला सुचली नाही.

तिसरी भीती अत्याचाराची. २०१२मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आला, आणि त्याच सुमारास ‘गुड टच, बॅड टच’ बालवाडीपर्यंत पोचलं. शब्द इंग्रजीच राहिले. आईलाही ‘शूची जागा’च्या पुढे मराठी शब्द सापडत नाही. मार्च २०२२मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचा शासन निर्णय निघाला; त्यातल्या कितीतरी कागदावरच होत्या.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात शाळेतच दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. लोक रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी सरकारने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुलग्यांनाही लहानपणापासून शिकवायला हवं, असं बजावलं.

आमच्या शाळेत सहावी-सातवीत बाई मुलींना वेगळ्या वर्गात नेत आणि दार लावून घेत. आम्हाला मैदानावर सोडत. तेवढा तास खो-खो.