आउटबोर्डच्या कार्बनची जुनी कहाणी

2005 आणि 2019 च्या पुरात सांगलीच्या गल्ल्यांतनं बोटी फिरल्या, तेव्हा आउटबोर्ड मशीन, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन, बऱ्याच जणांनी पहिल्यांदा जवळनं बघितलं. त्यातलं जुनं टू-स्ट्रोक कुणाच्या हाताला लागलं की तक्रार ठरलेली, स्टार्टिंगला त्रास, पिकअप नाही, हेड खोललं तर पिस्टनवर काळा थर, आणि मग लगेच निकाल की ऑइल जास्त पडतंय. पण हे अर्धंच खरंय.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, ते बेअरिंगला, पिस्टनला लागत पुढं जाऊन जळतं, म्हणजे कार्बन हा जन्मापासूनचाच. ओले एव्हिनरूडनं 1909 मध्ये अमेरिकेत दीड हॉर्सपॉवरचं मशीन विकायला काढलं, त्या काळात साधे बुश असायचे, त्यामुळं ऑइल भरपूर लागायचं आणि तेही गाडीच्या इंजिनात घालतात तसलंच. मग मधूनमधून हेड काढून कार्बन खरवडणं ओघानंच आलं. पुढं बारीक सुईसारख्या रोलरच्या नीडल बेअरिंग आल्या, साठच्या दशकात पेट्रोल-ऑइलचं मिश्रण 24 ला 1 वरनं 50 ला 1 वर गेलं. ऑइल निम्म्यावर आलं, तरी कार्बन काय गेला नाही!

कारण आउटबोर्ड नदीचंच पाणी ओढून थंड होतं, सिलेंडर बाईकपेक्षा बराच गार राहतो, त्यात बोट हळू चालवली, किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे थंड करणारं पाणी गरजेपुरतंच सोडणारी झडप, उघडाच अडकला, की ऑइल नीट न जळता चिकट होऊन पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत आणि एक्झॉस्ट पोर्टात, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकात, बसतं. पुराच्या पाण्यात घरांच्या मधनं बोट न्यायची तर फुल थ्रॉटल देणार कोण आणि कुठं?

दुसरी गोष्ट ऑइलचीच. आपल्याकडचं टू-स्ट्रोकचं सगळं शहाणपण राजदूत, येझदी आणि 1985 ला आलेल्या आरएक्स 100 वर तयार झालंय, म्हणून आउटबोर्डातही बाईकचं टू-टी ऑइल बिनधास्त ओततात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनच्या त्या ऑइलमध्ये राख सोडणारी अ‍ॅडिटिव्ह असतात, तिचा थर पिस्टनवर लाल तापतो आणि स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं, कधी पिस्टनला भोकही पडतं. म्हणूनच पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनसाठी बिनराखेच्या ऑइलचं वेगळं स्टँडर्ड निघालं, नव्वदच्या दशकात ते टीसी-डब्ल्यू3 पर्यंत आलं. जुन्या मशीनलाही हेच घालावं, माझं तरी स्पष्ट मत.

खरा घात रिंग जाम होण्यानं होतो. चांगली रिंग बोटानं दाबली की खाचेत आत जाते आणि सोडली की बाहेर येते, जाम झालेली हलतच नाही. मग गरम गॅस तिच्या बाजूनं खाली घुसतो, ऑइलचा पातळ थर जळतो आणि बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पडतात. यावर अमेरिकन कंपन्यांनी स्वतःचेच स्प्रे काढले, गरम चालू मशीनच्या कार्बोरेटरमध्ये मारायचा, बंद करून मुरू द्यायचं, मग पाण्यात पळवायचं, ढगासारखा पांढरा धूर निघतो, त्यानंतर प्लग नवे टाकायचे. चिकट रिंग यानं बरेचदा सुटते. पोर्टात दगडासारखा बसलेला थर मात्र सुटत नाही, त्याला हेड आणि एक्झॉस्ट कव्हर खोलावंच लागतं, आणि मशीन कोकणातनं खाऱ्या पाण्यातलं आलं असेल तर बोल्ट गरम करून, तेल सोडून सावकाश सोडवायचे, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं.