सनांकभेद : मेक्सिकोची जुनी नाणी

एकाच टांकसाळीच्या, एकाच मूल्याच्या व एकाच सनाच्या नाण्यांवर सनाचे आकडे ठोकण्यात जो फरक आढळतो, त्याला या नोंदीत सनांकभेद म्हटले आहे. मेक्सिकोच्या नाण्यांत असे भेद विपुल आहेत. मेक्सिको सिटीची टांकसाळ १५३६ पासूनची. स्वातंत्र्यानंतर ग्वानाह्वातो, साकातेकास, दुरांगो, चिवावा, सान लुईस पोतोसी इत्यादी धरून एकूण चौदा टांकसाळींनी कमीअधिक काळ नाणी पाडली. आठ रियालच्या चांदीच्या नाण्याची (सु. २७.०७ ग्रॅम) परंपरा १८९७ पर्यंत टिकली. त्यावर सन एकटा नसतो; मूल्य, टांकसाळीचे चिन्ह, पारख्याची आद्याक्षरे आणि चांदीचा कस यांच्या ओळीत तो बसवलेला असतो.

भेदांचे मूळ डाय (नाण्यावर छाप उठवणारा पोलादी साचा) तयार करण्याच्या पद्धतीत आहे. गरुड, स्वातंत्र्याचे प्रतीक असलेली टोपी व किरणे ही मुख्य चित्रे तयार ठशाने डायवर उमटवत. सनाचे आकडे मात्र कारागीर एकेक पंच (टोकाला आकडा कोरलेली पोलादी कांडी) हातोडीने ठोकून बसवी. त्यामुळे आकड्यांमधले अंतर, कल आणि खोली डायगणिक बदलते. १९०६ च्या एक सेंटाव्होवर (सेंटाव्हो म्हणजे पेसो या चलनाचा शंभरावा भाग) आकडे दाट व विरळ अशा दोन्ही तऱ्हांनी येतात. १९०७ च्या २० व ५० सेंटाव्होंवर ७ चा आकडा सरळ पायाचा व वाकड्या पायाचा असा दोन प्रकारचा आहे. आकडा नीट न बसल्यामुळे तोच पंच जरा सरकवून पुन्हा ठोकला, तर दुहेरी कडा दिसते.

याहून लक्षवेधी प्रकार म्हणजे एका सनावर दुसरा सन. याच्या कारणाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार पोलाद व श्रम वाचवण्यासाठी जुन्या वर्षाचा उरलेला डाय नव्या वर्षी सुधारून वापरला. दुसऱ्या मतानुसार ती चुकीच्या पंचाची दुरुस्ती होय. खालचा आकडा बहुधा लगतच्या मागील वर्षाचा असतो (उदा., घोडेस्वाराच्या चित्राच्या पेसोवरील १९१३/२, म्हणजे खालच्या २ वर ठोकलेला ३), त्यामुळे सर्वसाधारणपणे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. ५० सेंटाव्होवरील १९१३/०७ यालाही ते लागू पडू शकते. अंतर सहा वर्षांचे असले तरी नमुना १९०५ ते १९१८ तोच होता. परंतु एक पेसोवरील १९२०/१० ला ते लागू पडत नाही. १९१० चा पेसो घोडेस्वाराचा, तर १९२० चा टोपी व किरणांचा. तेव्हा १९१० चा डाय येथे येणार कोठून? २ च्या जागी १ ठोकला गेला व मागाहून सुधारला, असेच येथे मानावे लागते.

ओळखताना लक्षात घ्यावयाची मुख्य गोष्ट अशी, की डायवर खोलगट असते ते नाण्यावर उठून येते. जुना आकडा घासून बुजवलेला असल्याने त्याचा अवशेष नाण्यावर नव्या आकड्यापेक्षा ठेंगणा, पण स्वतःच्या वळणाचा दिसतो : ७ खाली ६ असल्यास डाव्या-खालच्या बाजूला गोलाईचा तुकडा उरतो. छाप पडताना डाय किंचित सरकल्याने होणारी दुहेरी खूण वेगळी. तीत आकड्याला सपाट, पायरीसारखी कड येते आणि आकडा स्वतः बारीक होतो. शिवाय तशी खूण शेजारच्या अक्षरांवरही त्याच दिशेने सापडते. हा फरक न कळल्यामुळे साधी नाणी दुर्मिळ म्हणून विकली जातात. दहापट भिंग व तिरका प्रकाश पुरतो. डायला पडलेली भेग किंवा उडालेला कपचाही आकड्याचा आभास निर्माण करतो, म्हणून शक्यतो दोन-तीन नाणी शेजारी ठेवून पाहावीत. ही नाणी चीनमध्येही चालत; तेथील सराफांनी पारखून ठोकलेल्या खुणा सनावरच पडल्या असतील, तर निर्णय टाळणे बरे.

१७७२-७३ च्या काही नाण्यांवर टांकसाळीचे चिन्ह व पारख्याची अक्षरे उलटी आहेत. तेथे चूक शोधू नये. चांदीचा कस गुपचूप उतरवल्याची ती खूण मानली जाते.

सनाचे आकडे निर्दोष असूनही सन फसवा असू शकतो. १८९८ चा पेसो चीनसाठी १९४९ मध्ये त्याच सनाने सुमारे एक कोटी संख्येने पुन्हा पाडला गेला. मूळ नाण्याच्या काठालगत १३९ मणी (बारीक उठावदार ठिपके) मोजतात, नंतरच्यावर १३४.