नौकेच्या सुकाणूचे वंगण व देखभाल

नौकेच्या पिछाडीला पाण्याखाली बसवलेले, दांड्याभोवती डावीउजवीकडे फिरणारे आणि प्रवाहाला तिरके आडवे येऊन नौकेची दिशा बदलणारे पाते म्हणजे सुकाणू. हे पाते अडखळल्याशिवाय फिरावे, त्याच्या दांड्याला आधार देणारे बुश झिजू नयेत, दांड्याच्या वाटेने नौकेत पाणी शिरू नये आणि हे साधताना खुद्द वंगणामुळेच एखादा भाग निकामी होऊ नये, यासाठी वेळच्या वेळी करावयाच्या कामांचा विचार या नोंदीत केला आहे. यांतील शेवटच्या मुद्द्यावर भर देण्याचे कारण असे की, सुकाणू जड लागू लागले की पहिला हात ग्रीस गनकडे, म्हणजे ग्रीस दाबून भरण्याच्या पिचकारीकडे, जातो आणि कित्येकदा नुकसान तेथूनच सुरू होते.

‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आला असून गुजरातीत तोच ‘सुकान’ या रूपात नांदतो. बडोद्यातील मराठी घरात आणि शेजारच्या गुजराती घरात त्यामुळे या वस्तूचे नाव जवळजवळ एकच आहे. बडोदे शहर समुद्रकाठी नसले, तरी गायकवाडांच्या राज्याला किनारा होता आणि सौराष्ट्राच्या टोकावरील ओखा बंदर बडोदे संस्थानाने विकसित केले. आज शहराचा नौकांशी संबंध येतो तो तलावांमुळे आणि पुरांमुळे. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मोठे पूर आले, तेव्हा पाण्याने वेढलेल्या वस्त्यांतून माणसे बाहेर काढण्यासाठी नौका आणाव्या लागल्या. अशी नौका वर्षातील बराच काळ छपराखाली पडून असते आणि एका रात्रीत लागते. रोज फिरणाऱ्या सुकाणूपेक्षा पडून राहिलेले सुकाणू लवकर आखडते; जुने ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट होते, त्यात धूळ बसते आणि दांडा व बुश यांच्यामधल्या बारीक फटीत क्षार साचतात. म्हणून हा विषय बंदरापासून दूर असलेल्या या शहरालाही परका नाही.

रचना समजल्याशिवाय वंगणाचा निर्णय घेता येत नाही. जुन्या लाकडी होड्यांत आणि मचव्यांत सुकाणू पिछाडीच्या फळीला बाहेरून टांगलेले असते. पात्यावरील लोखंडी खुंट्या नौकेवरील कड्यांत बसतात आणि ते बिजागरीवरील दारासारखे फिरते. अलीकडच्या फायबरच्या किंवा धातूच्या नौकांत पात्याचा दांडा तळातून एका नळीत वर येतो, नळीच्या खालच्या व वरच्या टोकाला बुश असतात, आणि पाणी थोपवण्यासाठी रबरी सील किंवा दोऱ्याची गुंडाळी बसवलेली असते. सुकाणूवर येणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यातला मोठा वाटा खालच्या बुशावर पडत असल्याने झीजही तेथेच अधिक होते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बुश कशाचा आहे, हा. कांशाचा बुश आणि पोलादी दांडा असेल, निर्मात्याने तेथे निपल (ग्रीस आत भरण्याचे छोटे तोंड) दिलेले असेल, तर ग्रीस हवेच; ते धातूला धातूपासून दूर ठेवते आणि फटीतले पाणी बाहेर ढकलते. बुश नायलॉनचा, अॅसिटलचा किंवा तशाच कठीण प्लास्टिकचा असेल, तर तो बहुधा पाण्याच्याच वंगणावर चालण्यासाठी घडवलेला असतो. त्यात ग्रीस भरले की रेती आणि शेवाळ त्याला चिकटून राहतात आणि सहाणेवर घासल्याप्रमाणे दांडा खरवडला जातो. अशा बुशाला गोड्या पाण्याच्या धारेने धुणे हीच खरी देखभाल. नायलॉनची आणखी एक खोड अशी की, तो पाणी शोषून फुगतो. नवीन असताना सहज फिरणारे सुकाणू पाण्यात राहून जड होते, माणूस ग्रीस भरतो, काही फरक पडत नाही म्हणून आणखी भरतो, आणि मूळ कारण फुगलेला बुश असल्याने दोष तसाच राहतो. येथे दांडा काढून बुश थोडा खरादून घेणे किंवा पाणी फारसे न शोषणाऱ्या अॅसिटलचा बुश बसवणे, हाच उपाय. बडोद्यातील मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत लेथवर असे काम करून मिळते. माप मात्र दांड्याचे घ्यावे, झिजलेल्या बुशाचे घेऊ नये.

ग्रीस निवडताना पाण्यात टिकण्याचा गुण आधी पाहावा. गाडीच्या बेअरिंगला लावायचे साधे लिथियम ग्रीस दीर्घकाळ पाण्यात राहिले की हळूहळू धुतले जाते. कॅल्शियम सल्फोनेट किंवा अॅल्युमिनियम कॉम्प्लेक्स प्रकारचे, नौकांसाठी म्हणून विकले जाणारे ग्रीस अधिक तग धरते. ग्रीसच्या घट्टपणाच्या प्रमाणित (एनएलजीआय) श्रेणीत ते सामान्यतः क्रमांक २ चे असावे. घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे: चिमूटभर ग्रीस तळहातावर घ्यावे, त्यावर दोनचार थेंब पाणी टाकून बोटाने मळावे. चटकन ताकासारखे पांढरे होऊन हातावरून निघून जाणारे ग्रीस या कामाचे नाही. पाणी मण्यांसारखे वेगळे राहिले आणि चिकटपणा टिकला, तर ते चालेल. दोन जातींची ग्रीस एकत्र करणे टाळावे, कारण काही जोड्या एकमेकींत मिसळताच पातळ होऊन वाहू लागतात. ग्राफाइट असलेले ग्रीस किंवा गुंडाळी समुद्राच्या पाण्यात वापरू नये. ग्राफाइट आणि अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस पोलाद खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विद्युत्‌घट तयार होतो आणि धातू खाल्ला जातो. सीलच्या रबराचाही विचार हवा. खनिज तेलाचे ग्रीस नायट्राइल या कृत्रिम रबराला मानवते. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम हे दुसरे कृत्रिम रबर मात्र त्याने फुगून मऊ पडते. बाजारात ‘ग्रीस म्हणजे ग्रीस’ असे म्हणून पुढे केलेला डबा घेण्याआधी त्यावरील मजकूर वाचण्याइतका वेळ अवश्य काढावा.

प्रत्यक्ष ग्रीस भरताना होणारी सर्वांत मोठी चूक दाबाची आहे. मोटारीच्या टायरात साधारण ३० ते ३५ पौंड दाबाची हवा असते. हाताने दाबायची साधी ग्रीस गन दर चौरस इंचाला हजारो पौंडांचा दाब निर्माण करू शकते. बाहेर पडण्याची वाट बुजलेली असेल, तर हा दाब सीलची ओठाळ कड उलटी करतो, बुश जागेवरून सरकवतो, आणि फायबरच्या नळीला तडा पाडू शकतो. तडा आत असल्याने तो दिसत नाही. नौका पाण्यात उतरल्यावर तळाशी पाणी साचू लागते तेव्हाच कळतो. म्हणून निपलचे तोंड प्रथम कापडाने पुसून घ्यावे, नाहीतर त्यावरची माती ग्रीसबरोबर थेट बुशात जाते. मग एकाने एक पंप मारावा आणि दुसऱ्याने सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, जेणेकरून ग्रीस दांड्याभोवती सगळीकडे पसरेल. गनच्या मुठीला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला, तर तेथेच थांबून वाट का बुजली ते शोधावे. नळीच्या तोंडाशी लक्ष ठेवले की काम कुठवर आले ते रंगावरून कळते: आधी काळपट, बोटांत चुरल्यास कचकच लागणारे ग्रीस निघते, त्यामागून पाणी मिसळलेले फिकट, आणि शेवटी डब्यातल्यासारखे स्वच्छ. स्वच्छ ग्रीसची बारीक कड दिसली की पंप खाली ठेवावा. विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारी गन या कामाला आणूच नये. हाताला जाणवणारा अडथळा तिला जाणवत नाही.

आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला बाहेरून टांगलेल्या, इंजिनाच्या नौकेला वेगळे सुकाणू नसते, इंजिनच वळते. ते ज्या कण्यावर वळते तेथे निपल असतात आणि तेथील पद्धत वरीलप्रमाणेच. चाकापासून इंजिनापर्यंत केबल असेल, तर मात्र एक पथ्य काटेकोर पाळावे लागते: ज्या नळीतून केबलचा दांडा सरकतो तिच्यात ग्रीस भरताना दांडा पूर्ण आत ओढलेला असला पाहिजे. तो बाहेर ताणलेला असताना नळी ग्रीसने भरली, तर परत येणाऱ्या दांड्याला जागाच उरत नाही आणि इंजिन एका बाजूला वळलेल्या स्थितीत जखडून बसते. पाण्यात असे होणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

दोऱ्याच्या गुंडाळीने पाणी अडवलेले असेल, तर तिच्या कड्या वेगवेगळ्या कापून त्यांचे सांधे एकावर एक येणार नाहीत असे बसवतात. नौका पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या फिरत्या दांड्याला थंडावा हवा म्हणून तेथे अधूनमधून थेंब पडू देतात. सुकाणूचा दांडा सतत फिरत नाही, तेव्हा येथे थेंबही पडू नये. तरीही नट आवळण्याला मर्यादा आहे. गळती थांबताच थांबावे. त्यापुढे आवळल्यास दांड्यावर ओरखडे उमटतात आणि मग कितीही आवळले तरी पाणी झिरपत राहते.

आखडलेल्या सुकाणूच्या मुठीवर लांब पाइप चढवून जोर लावणे किंवा हातोड्याने ठोकणे हे सर्रास चालते आणि ते घातक आहे, कारण पात्याच्या आत दांड्याला जोडलेल्या पट्ट्यांचे जोड त्याने निखळतात. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे, गरम पाणी ओतावे, थोडेथोडे हलवत मोकळे करावे. फायबरजवळ ज्योत नेऊ नये. इतके करूनही सुटले नाही, तर दांडा खाली उतरवावा लागतो. त्याआधी पात्याखाली लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्यावा, कारण वरचा नट सुटताच पात्याचे सारे वजन खाली येते. लांब दांडा पूर्ण निघावा म्हणून नौका उंच ठेवावी लागते किंवा जमिनीत खड्डा खणावा लागतो. बाहेर काढलेल्या दांड्यावर, विशेषतः सीलच्या जागी, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे शोधावेत. साचलेल्या, हवा न लागणाऱ्या पाण्यात स्टेनलेस पोलादही असे खाल्ले जाते.

पात्याची तपासणी त्याच वेळी उरकते. खालचे टोक धरून हलवल्यावर खुळखुळ जाणवली, तर बुश झिजला आहे आणि ग्रीसने ती पोकळी भरून येत नाही. फायबरच्या पात्यावर बोटाच्या पेराने ठोकत जावे. ठणठणीत आवाज जेथे बोदा होतो तेथे आतला फोम सुटला आहे किंवा पाणी शिरले आहे. धातूच्या पात्याला गंजरोधक ठोकळा (पात्याऐवजी स्वतः झिजणारा) असेल तर तो समुद्रात जस्ताचा आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा असावा, आणि त्यावर कधीही रंग लावू नये, कारण रंगाखाली तो निरुपयोगी ठरतो.

बाहेर आलेले ग्रीस पुसून घेणे हा या कामाचाच भाग आहे. आजव्याचा सयाजी सरोवर बडोद्याला पिण्याचे पाणी पुरवतो. अशा जलाशयात उतरणाऱ्या नौकेच्या नळीच्या तोंडाशी ग्रीसचा लपका राहू देणे मान्य होण्यासारखे नाही, आणि तेथे जैवविघटनशील ग्रीस महाग पडले तरी तेच वापरावे. जूनच्या पहिल्या पावसाआधी, नौका छपराखालीच असताना, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहावीस वेळा फिरवून पाहावे आणि वळणात कोठे अडते त्या जागेची खूण खडूने करून ठेवावी.