पळायच्या आधीचं स्ट्रेचिंग आणि बॅलन्सचा सराव, दोन्ही एक नाहीत

परभणी-हिंगोलीकडं पहाटे ग्राऊंडवर बघा, भरतीची पोरंपोरी पळायच्या आधी खाली बसून पाय ताणायलेत, अन् विचारलं की म्हणतात, गुडघा-घोटा वाचावा म्हणून करायलोत. मला खरंच काळजी वाटते, कारण ताणल्यानं स्नायू मोकळा होतो, पाय हलका वाटतो, पण घोटा मुरगळायचा थांबत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात नव्यानं भरती झालेल्या १५३८ जणांवर हे तपासलं, २००० साली छापून आलं, काहींना व्यायामाआधी स्ट्रेचिंग करायला लावलं अन् बाकीच्यांना नाही, तर १२ आठवड्यांत पायाच्या दुखापती दोन्हीकडं जवळपास सारख्याच निघाल्या.

बॅलन्सचा सराव म्हणजे एका पायावर उभं राहणं, लंगडी घालत पुढं अन् बाजूला उड्या, उडी मारून हलकं उतरणं आणि उतरताना गुडघा आत न झुकू देता पंजाच्या रेषेत ठेवणं. पाय वाकडा पडला की पापणी लवायच्या आत लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) ताणतं, तेवढ्यात विचार करून कोणी सावरत नाही, ते आधीच अंगात मुरलेलं लागतं. अन् एकदा मुरगळलेल्या घोट्याची पाय कसा पडतोय ही जाणीव कमी होते, म्हणून तोच पाय परत परत मुरगळतो. फिनलंडमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेतल्या पोरांना असला सराव दिला, दुखापत कशी टाळायची तेही समजावलं, तर घोट्याच्या अचानक होणाऱ्या दुखापती जवळपास दोन तृतीयांश कमी झाल्या, हे २०११ सालचं.

आपल्या अग्निवीर भरतीत १.६ किमी पळण्यासोबत ९ फुटी खड्ड्यावरची उडी आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) असतोच, पण त्यात नुसतं पास व्हायचं असतं, मार्क नसतात, म्हणून बरीच पोरं तिकडं लक्षच देत नाहीत. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या, तिथं पळणाऱ्यांनी तर हा सराव सोडूच नका.

आधी थोडं हळू पळा, मग आठवड्यातून ३ दिवस १०-१५ मिनिटं हा सराव, पाय थकायच्या आत. ताणायचंच असेल तर पळून झाल्यावर ताणा. घोटा सुजलेला असेल तर उड्या नकोत, सूज अन् दुखणं गेल्यावरच. नडगीचं दुखणं मात्र वेगळं, ते बहुतेक वेळा पळणं एकदम वाढवल्यानं होतं, तिथं अंतरच कमी करावं लागतं, आणि हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर ठणकत असेल तर पळणं बंद करून हाडाच्या डॉक्टरला दाखवा, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं.